समतोल संघबांधणी (पोकेमॉन स्पर्धा)

पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या स्पर्धात्मक लढतींसाठी सहा पोकेमॉन निवडणे, प्रत्येकाच्या चार मूव्ह (लढतीतले डाव), ॲबिलिटी (अंगभूत खासियत), जवळ बाळगायचा आयटम आणि गुणांची वाटणी ठरवणे, आणि हे सहाजण एकमेकांची उणीव भरून काढतील असे जुळवणे, या कामाला संघबांधणी म्हणतात. लढत सुरू झाली की संघात काहीच बदलता येत नाही. त्यामुळे सामन्याचा बराचसा भाग खेळाडू समोरासमोर बसण्याआधीच खेळून झालेला असतो.

मराठी वाचकांपैकी बहुतेकांची पोकेमॉनशी ओळख टीव्हीवरच्या कार्टूनमुळे झाली. तिथे एकटा पिकाचू जिद्दीच्या जोरावर सामना फिरवतो. स्पर्धेत तसे होत नाही. नवखा खेळाडू सहा आवडते, बलवान पोकेमॉन गोळा करतो. संघ कागदावर भारदस्त दिसतो आणि दोन-तीन चालींत ढासळतो. संघ समतोल आहे की नाही हे दोन प्रश्नांवरून कळते. समोरून येणारा प्रत्येक मोठा हल्ला झेलायला मैदानातल्या पोकेमॉनच्या जागी कोणी आत येऊ शकते का? आणि सामना नेमका कोण आणि कसा जिंकून देणार, हे आधीच ठरले आहे का? पहिल्याचे उत्तर असून दुसऱ्याचे नसेल, तर संघ हळूहळू हरतो. दुसऱ्याचे असून पहिल्याचे नसेल, तर पटकन हरतो.

पार्श्वभूमी

गेम फ्रीक कंपनीचे पहिले पोकेमॉन खेळ, रेड आणि ग्रीन, निन्टेन्डोच्या गेम बॉयवर जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये आले. तेव्हा १५ टाइप (फायर, वॉटर असे पोकेमॉनचे आणि मूव्हचे प्रकार, ज्यांवरून फटका कमी-जास्त लागतो) होते आणि त्यांचा आपसातला समतोल कच्चा होता. सायकिक टाइपला रोखणारे जवळजवळ कोणी नव्हते, आणि गंभीर खेळाडूंचे संघ टॉरोस, स्नॉरलॅक्स, चान्सी याच नावांभोवती फिरत. १९९९ च्या दुसऱ्या पिढीने, म्हणजे खेळांच्या पुढच्या संचाने, डार्क आणि स्टील हे टाइप आणले, आयटम आणले, आणि एकाच ‘स्पेशल’ आकड्याचे हल्ला व बचाव असे दोन भाग केले. संघबांधणीला खरी खोली येथून आली. २००२ मध्ये ॲबिलिटी व नेचर (एक आकडा वाढवून दुसरा घटवणारा स्वभाव) यांची भर पडली. २००६ मध्ये मूव्ह फिजिकल की स्पेशल (म्हणजे कोणत्या हल्ला-बचाव आकड्यांवर चालणारी) हे टाइपवरून न ठरता मूव्हगणिक ठरू लागले. २०१३ मध्ये फेअरी टाइप आला, ड्रॅगनच्या मूव्हना पूर्ण निष्प्रभ करणारा, आणि टाइपांची संख्या १८ झाली.

आज दोन मुख्य परंपरा आहेत. एकास-एक पद्धतीची, सहाही पोकेमॉन उतरवायची लढत मुख्यतः २००४ मध्ये सुरू झालेल्या स्मॉगन या खेळाडूंच्या समुदायाने रुजवली. पोकेमॉनची वापरानुसार श्रेणी लावणे, प्रतिस्पर्ध्याच्या एकाहून अधिक पोकेमॉनना एकाच वेळी झोपवू न देणे, असे नियम त्यांनी रूढ केले. दुसरी अधिकृत जागतिक स्पर्धेची: २००९ पासून चालत आलेली, दोनास-दोन लढतींची, जिच्यात सहा दाखवून त्यांतले चारच खेळवायचे असतात.

टाइपांची साखळी

संघ बांधायला बसल्यावर एका पोकेमॉनपासून सुरुवात होते आणि लगेच त्याची दुखरी जागा शोधली जाते. दोन-तीन पोकेमॉन एकमेकांची दुखरी जागा झाकत असतील तर त्या गटाला खेळाडू ‘कोअर’ म्हणतात. फायर, वॉटर आणि ग्रास यांचे त्रिकूट हे त्याचे सर्वांत जुने रूप. पण नुसते टाइप मोजून कोअर बनत नाही, ॲबिलिटीही हिशेबात घ्यावी लागते. हे २०१२ नंतरच्या एकास-एक लढतींतल्या एका गाजलेल्या जुळणीवरून चांगले दिसते.

फेरोथॉर्न हा ग्रास आणि स्टील टाइपचा, चिवट, अत्यंत मंद पोकेमॉन. बहुतेक हल्ले तो सहज सोसतो, पण फायरची मूव्ह त्याला चौपट लागते. म्हणून शेजारी हीट्रन येतो. त्याच्या फ्लॅश फायर ॲबिलिटीमुळे फायरची मूव्ह त्याला लागतच नाही, उलट त्याच्या स्वतःच्या फायर मूव्हची ताकद दीडपट होते. प्रतिस्पर्ध्याने फेरोथॉर्नवर आग सोडली आणि त्याच चालीत आपण हीट्रनला आत आणले, तर त्याची चाल वाया गेली आणि आपला हल्लेखोर आणखी धारदार झाला. आता हीट्रनची दुखरी जागा: ग्राउंड त्याला चौपट, वॉटर आणि फायटिंग दुप्पट. ग्राउंडसाठी रोटमचे वॉशिंग मशीनचे रूप घेतात. इलेक्ट्रिक आणि वॉटर टाइपच्या या पोकेमॉनकडे लेव्हिटेट ॲबिलिटी असल्याने ग्राउंडच्या मूव्ह त्याला स्पर्शही करत नाहीत; उरते ती एकच कमजोरी, ग्रास, आणि ग्रासची मूव्ह फेरोथॉर्न व हीट्रन दोघांनाही केवळ पाव लागते. वॉटरला फेरोथॉर्न आणि रोटम दोघेही झेलतात.

तिघांत वर्तुळ पुरे झाल्यासारखे वाटते, पण फायटिंग राहिले. फेरोथॉर्न आणि हीट्रन दोघांनाही ते दुप्पट लागते आणि रोटमला त्याचा कसलाही प्रतिकार नाही. चौथा म्हणून लँडोरसचे थेरियन रूप आले की फायटिंगची मूव्ह निम्मी होते. शिवाय त्याच्या इंटिमिडेट ॲबिलिटीमुळे तो आत येताच समोरच्याचा फिजिकल हल्ला एक-तृतीयांशाने घटतो. लँडोरसला आइस चौपट लागते, पण तोच आइस हीट्रनला पाव लागतो. संघबांधणीचा आनंद याच हिशेबात आहे: नवा माणूस घ्यावा तर तो नवी कमजोरी घेऊन येतो, आणि ती झाकणारा आधीच घरात बसलेला सापडतो.

कोअर जितका पक्का, तितका त्याचा एक दुवा तुटला की धोका मोठा. तिसऱ्या पिढीत स्कार्मरी आणि ब्लिसी ही जोडी प्रसिद्ध होती. स्कार्मरी फिजिकल हल्ले रोखायची, तर मूळ एचपी (जीवशक्ती) २५५ असलेली ब्लिसी स्पेशल हल्ले पचवायची. ब्लिसीचा मूळ फिजिकल बचाव मात्र अवघा १०. या भिंतीशी डोके आपटण्यात अर्थ नाही हे ओळखून खेळाडूंनी सापळे लावले. मॅग्नेटॉनची मॅग्नेट पुल ही ॲबिलिटी स्टील टाइपला मैदानाबाहेर जाऊ देत नाही. स्कार्मरी त्याच्यासमोर अडकली की इलेक्ट्रिक मूव्हने संपायची. डगट्रिओ ॲरेना ट्रॅपने ब्लिसीला तसेच अडकवायचा. जोडीतली एक पडली की दुसरीची पाठ उघडी. म्हणून अनुभवी खेळाडू संघाची पहिली परीक्षा अशी घेतो: यातला सर्वांत महत्त्वाचा पोकेमॉन पहिल्या पाच चालींत गेला, तर उरलेले पाच काय करतील?

वेग

वरच्या चार जणांकडे पुन्हा पाहिले तर त्यांतली मोठी उणीव टाइपांची नसून वेगाची आहे. फेरोथॉर्नचा मूळ वेग २०, हीट्रनचा ७७, रोटमचा ८६, लँडोरसचा ९१. शंभरी गाठणारा एकही नाही. अशा संघाने उरलेल्या दोन जागांपैकी एक तरी वेगवान हल्लेखोराला द्यावी लागते, नाहीतर लँडोरसला चॉइस स्कार्फ द्यावा लागतो. स्कार्फने वेग दीडपट होतो, पण निवडलेली पहिली मूव्ह मैदान सोडेपर्यंत बदलता येत नाही.

वेगाच्या बाबतीत एका आकड्याचा फरकही सामना ठरवतो. गारचॉम्पचा मूळ वेग १०२. पन्नासाव्या लेव्हलला, वेगाला पोषक नेचर आणि वेगावर पूर्ण २५२ ईव्ही (खेळाडूने वाटायचे वाढीव गुण) दिल्यावर तो १६९ होतो. मूळ वेग १०० असलेल्या कोणत्याही पोकेमॉनला तेवढीच मेहनत घेऊन १६७ वर थांबावे लागते. या दोन गुणांमुळे गारचॉम्प आधी मारतो आणि अनेकदा समोरच्याला मूव्ह वापरण्याची संधीच मिळत नाही. ईव्हींची एकूण मर्यादा ५१० आणि एका गुणाला जास्तीत जास्त २५२. बहुतेक नवखे दोन ठिकाणी २५२ ओतून मोकळे होतात. कसलेला खेळाडू उलटा विचार करतो: मला कोणाच्या आधी मारायचे आहे आणि कोणाचा कोणता फटका सोसून उभे राहायचे आहे, तेवढ्यापुरते ईव्ही इथे, उरलेले तिथे. हल्ल्याचा प्रत्येक फटका ८५ ते १०० टक्के यांच्या दरम्यान १६ टप्प्यांत कमी-जास्त होतो. त्यामुळे ‘वाचेल’ आणि ‘बहुधा वाचेल’ यांतले अंतर कॅल्क्युलेटरवर मोजूनच वाटणी करावी लागते.

एकास-एक लढतींत आणखी एक गोष्ट बांधणीतच ठरते, ती म्हणजे जमिनीवर पसरलेले काटे-दगड. स्टेल्थ रॉक ही मूव्ह २००६ च्या पिढीत आली. ती एकदा लावली की आत येणाऱ्या प्रत्येकाला टाइपनुसार इजा होते: साधारण पोकेमॉनला एचपीचा आठवा हिस्सा, चारिझार्डला मात्र निम्मा. हे दगड उचलणारा कोणी संघात नसेल, तर वर सांगितलेली येण्या-जाण्याची सगळी कसरत स्वतःलाच महाग पडते. २०१९ मध्ये आलेल्या हेवी-ड्यूटी बूट्स या आयटमने हा बोजा काहीसा हलका केला.

दोन-दोनच्या लढती

अधिकृत स्पर्धेत हिशेब बदलतो. समोर दोन पोकेमॉन असतात आणि दोघेही एकाच लक्ष्यावर मारू शकतात, त्यामुळे आलटून-पालटून झेलत राहायला वेळ नसतो. येथे प्रोटेक्टसारखी एका चालीपुरती ढाल, फेक आउटसारखी समोरच्याची चाल हिरावणारी मूव्ह, आणि वेगावर ताबा यांना जास्त किंमत आहे. टेलविंडने आपल्या बाजूचा वेग चार चालींपुरता दुप्पट होतो. ट्रिक रूममध्ये पाच चालींपुरता सर्वांत मंद पोकेमॉन सर्वांत आधी मारतो. उत्तम संघ दोन्हींसाठी तयार असतो. २०२० च्या हंगामातली टॉर्कोल आणि वीनसॉर ही जोडी त्याचे सुरेख उदाहरण आहे. टॉर्कोल येताच ऊन पडते आणि त्या उन्हात क्लोरोफिल ॲबिलिटीमुळे वीनसॉरचा वेग दुप्पट होतो. प्रतिस्पर्ध्याने हे उलटवायला ट्रिक रूम लावलीच, तर अवघा २० वेग असलेला टॉर्कोल सर्वांच्या पुढे जातो.

सहांतून चार निवडायचे असल्याने संघात किमान दोन वेगवेगळ्या चौकड्या दडलेल्या असाव्या लागतात. प्रतिस्पर्धी आपले सहाही चेहरे पाहतो. त्याला कोणती चौकडी येणार याचा अंदाज बांधता आला, तर समतोल असूनही संघ हरतो.

संघ व्यक्तीपेक्षा मोठा असतो याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला २०१४ चा. त्या वर्षी वॉशिंग्टन डीसीमधल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कने पाचिरिसूला घेऊन विजेतेपद मिळवले. पाचिरिसू ही छोटी इलेक्ट्रिक खार. तिच्या सहा मूळ आकड्यांची बेरीज फक्त ४०५, तर त्याच संघातल्या गारचॉम्पची ६००. बाहेरून पाहणाऱ्याला ही गंमत वाटली, पण संघ पाहिला की कारण समजते. संघात गॅराडोस आणि टॅलनफ्लेम होते आणि दोघांनाही इलेक्ट्रिकची भीती. फॉलो मी ही मूव्ह वापरली की समोरच्या एकेकावर मारायच्या मूव्ह पाचिरिसूकडे वळतात, आणि व्होल्ट ॲब्सॉर्ब ॲबिलिटीमुळे इलेक्ट्रिकची मूव्ह तिला लागण्याऐवजी तिचे एचपी भरते. फटके खेचून घ्यायचे काम दुसरेही कोणी केले असते, पण इलेक्ट्रिक हल्ला गिळून वर ताजेतवाने होणारे फार थोडे. शिवाय नझलने समोरच्याला हमखास पॅरलाइज करायचे आणि सुपर फँगने कोणाचेही उरलेले एचपी निम्मे करायचे, यासाठी हल्ल्याचा आकडा मोठा असावा लागत नाही. तिच्या दुबळेपणाचा संघाला तोटा नव्हता, कारण तिच्याकडे सोपवलेल्या कामात ताकद लागतच नव्हती. संघबांधणी शिकणाऱ्याने कोणताही तक्ता पाठ करण्याआधी हा एक संघ नीट अभ्यासावा.

अलीकडचे बदल

पिढीगणिक येणाऱ्या नव्या युक्त्या जुने हिशेब मोडतात. २०१३ चे मेगा इव्होल्यूशन आणि २०१९ चे डायनामॅक्स यांनी ताकद वाढवली. २०२२ च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमधल्या टेरास्टलने मात्र टाइपांच्या साखळीलाच हात घातला, कारण लढतीत एकदा, संघातला एक पोकेमॉन आपला टाइप बदलू शकतो. आइसला चौपट कमजोर असलेला गारचॉम्प स्टील टेरा घेतो आणि तोच आइस त्याला निम्मा लागतो; पण त्याच क्षणी फायर आणि फायटिंग दुप्पट लागू लागतात. म्हणजे आता प्रत्येक पोकेमॉनच्या कमजोऱ्या दोनदा मोजाव्या लागतात, बदलापूर्वीच्या आणि बदलानंतरच्या. २०२३ च्या हंगामापासून मोठ्या अधिकृत स्पर्धांत मूव्ह, आयटम, ॲबिलिटी आणि टेरा टाइप प्रतिस्पर्ध्याला आधीच दाखवले जातात. लपवलेल्या चालीने धक्का देऊन जिंकणारे संघ त्यामुळे मागे पडले. ईव्हींची वाटणी आणि नेचर मात्र झाकलेले राहतात, आणि मातब्बर खेळाडूंची सर्वाधिक मेहनत आता तिथे जाते.