निगेटिव्ह म्हणजे वजा : स्किझोफ्रेनियातल्या न दिसणाऱ्या लक्षणांची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी दादाला स्किझोफ्रेनियामुळे ऐकू येणारे आवाज गोळ्यांनी थांबले तेव्हा आईने पेढे वाटले होते. मग सहा महिने गेले, वर्ष गेलं, आणि दादा खिडकीजवळच्या खुर्चीतून उठेचना, अंघोळ सांगितली तर करायची, विचारलं तर एका शब्दात उत्तर, चेहऱ्यावर राग नाही की हसू नाही. गणपतीच्या डेकोरेशनसाठी रात्र रात्र जागणारा हाच मुलगा. नातेवाईक म्हणायचे, आता बरा झालाय ना, मग एवढा आळस कशाचा? डॉक्टरांनी निगेटिव्ह सिम्प्टम्स असं नाव सांगितलं तर शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, वहिनी, त्याला म्हणावं असे निगेटिव्ह विचार करू नकोस रे. काकूंनी मायेनेच सांगितलं, शब्दच फसवा आहे. म्हणून तो आला कुठून ते मी वाचत गेले, बाकीच्या शुभंकरांनाही, म्हणजे अशा आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या घरच्यांनाही, उपयोग होईल म्हणून लिहितेय.

इथे निगेटिव्हचा अर्थ वजा, बस. 19व्या शतकात लंडनचे न्यूरॉलॉजिस्ट जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी अशी मांडणी केली की मेंदूचा वरचा थर बिघडला की त्याचं जे काम बंद पडतं ते निगेटिव्ह लक्षण, आणि वरचा लगाम सुटल्यामुळे खालून जे उसळून येतं ते पॉझिटिव्ह. म्हणजे दादाचे आवाज जमा खात्यात आणि उठावंसंच न वाटणं वजा खात्यात.

आणि ही वजा बाजू काही नवीन शोध नाही, उलट जुन्या डॉक्टरांना तीच आधी दिसली होती! जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला डिमेन्शिया प्रीकॉक्स, म्हणजे अकाली बुद्धिभ्रंश, म्हटलं, आणि भावना आटून इच्छाशक्तीच ढासळते हे त्यातलं मोठं नुकसान मानलं. झुरिचचे ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं आणि 1911 च्या ग्रंथात तर भास-भ्रमांना दुय्यम ठरवून भावनांचा कोरडेपणा, स्वतःत मिटून जाणं यांना मूळ लक्षणांत घातलं.

मग ही बाजू मागे का पडली? मला वाटतं कारण सरळ आहे, आवाज ऐकू येतात का हे विचारून हो-नाही लिहिता येतं, मिटून जाणं मोजायचं कसं. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांची ठळक भास-भ्रमांची यादी निदानासाठी सोयीची पडली, आणि 1952 मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध वापरात आलं, त्याने आणि त्यानंतरच्या औषधांनी आवाज कमी केले पण ही वजा बाजू फारशी हलली नाही. जे औषधाने थांबतं तोच आजार असं हळूहळू सगळ्यांच्या मनात बसलं, आमच्याही.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते जॉन विंग आणि जॉर्ज ब्राउन या ब्रिटिश संशोधकांच्या कामाने. इंग्लंडमधल्या तीन मनोरुग्णालयांतल्या बायकांना त्यांनी 1960 पासून काही वर्षं पाहिलं, कोणाकडे स्वतःचा कंगवा-आरसा आहे, कोण दिवसातले किती तास नुसतं बसून असतं असलं सगळं मोजलं, आणि 1970 च्या पुस्तकात दाखवलं की जिथे वॉर्डचं आयुष्य जास्त रिकामं तिथे ही लक्षणं जास्त, आणि सुधारणेशी सगळ्यात जुळणारी गोष्ट होती नुसतं बसून राहण्याचा वेळ कमी होणं. हे वाचताना मला आपली ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा आठवत राहिली, जिच्यावर, रांची आणि आग्र्यासोबत, सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये मानवाधिकार आयोगाला देखरेख करायला सांगितलं होतं. अशा भिंतींआड वर्षानुवर्षं बसून राहिलेल्यांचं किती आजाराने गेलं आणि किती रिकामपणाने, हे आता कोण वेगळं करून सांगणार.

1980 मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ टिम क्रो यांनी आजाराचे दोन प्रकार मांडले, एकात भास-भ्रम, दुसऱ्यात वजा लक्षणं आणि मेंदूतच झालेला बदल. पुढे इतकी स्वच्छ वाटणी टिकली नाही, एकाच माणसात दोन्ही असतात, पण विषय परत टेबलावर आला. मग अमेरिकेत नॅन्सी अँड्रिअसन यांनी ही लक्षणं मोजायची पट्टी बनवली, सान्स नावाची. या बाई डॉक्टर होण्याआधी इंग्रजी साहित्य शिकवायच्या, त्यामुळे कमी बोलणं आणि बोलण्यात आशय कमी असणं हा फरक त्यांनी टिपला याचं मला नवल वाटलं नाही. चेहरा सपाट होणं, बोलणं आटणं, काही सुरूच न करणं, आनंद आणि माणसं नकोशी होणं, लक्ष न लागणं, असे पाच गट.

घरच्यांसाठी मात्र सगळ्यात कामाचं ते 1988 मधलं, अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ विल्यम कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी केलेलं. त्यांनी म्हटलं की आजारातूनच आलेली लक्षणं वेगळी आणि डिप्रेशन, औषधाने अंगात आलेला कडकपणा, भासांच्या भीतीने कोपऱ्यात बसणं किंवा करायला काहीच नसणं यातून आलेली वेगळी, वरून दोन्ही सारखीच दिसतात पण दुसरी बरीचशी सुधारू शकतात. पहिलीसाठी खास असं मंजूर औषध औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएकडेही अजून नाही.

हे कळल्यावर आम्ही वही केली. दादा किती वाजता उठला, किती वेळ खुर्चीत होता, हात थरथरतात का, चालताना हात हलतात का, रडवेला होतो का. गोळ्या स्वतःच्या मनाने कमी केल्या नाहीत, ती वहीच डॉक्टरांपुढे ठेवली आणि त्यांनी ती बघून डोस बदलला. कडकपणा बराच गेलाय, सकाळी माझ्याबरोबर दूध आणायला येतो, बोलणं अजून तेवढंच आहे.