खमिसिया : शस्त्रसंधीनंतरचे दहा दिवस

आखाती युद्ध २८ फेब्रुवारी १९९१ ला संपलं, असं आपण वाचतो. जमिनीवरची लढाई शंभर तासांत आटोपली, सकाळी आठला तोफा थांबल्या, कुवेत मोकळं झालं. अमेरिकेच्या सदतिसाव्या इंजिनिअर बटालियनचं खरं काम मात्र त्यानंतर निघालं, आणि त्या कामाचा हिशेब अजून लागलेला नाही.

इंजिनिअर बटालियन म्हणजे आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्ससारखी तुकडी. रस्ता करायचा, सुरुंग काढायचे, उडवायचं ते उडवायचं. अमेरिकी फौजा दक्षिण इराकमध्ये खोलवर घुसल्या होत्या, पण तिथे मुक्काम ठोकायचा नव्हता. मागे फिरताना हाती लागलेला दारूगोळा तसाच सोडला, तर तो पुन्हा सद्दामच्याच फौजेला मिळणार. म्हणून हुकूम असा की निघण्याआधी सगळं नष्ट करा. नासिरियाजवळच्या खमिसियात शंभरच्या आसपास बंकरांचं अवाढव्य कोठार सापडलं होतं.

हे काम शांततेच्या काळातही जिवावरचं असतं. २०१८ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना सहा माणसं गेली. खमिसियात तर परक्याचा माल, आत काय आहे याची धड यादी नाही आणि परतीची घाई.

४ मार्चला तिसाहून अधिक बंकर एकदम उडवले. पेटलेल्या बंकरांतून न फुटलेले रॉकेट आणि गोळे उसळून लांबवर पडू लागले, तशी तुकडीला आणखी मागे सरकावं लागलं. त्या बंकरांपैकी ७३ क्रमांकाच्या बंकरात १२२ मिलिमीटरची रॉकेट होती आणि त्यांत सारीन व सायक्लोसारीन हे मज्जासंस्थेवर घाला घालणारे विषारी पदार्थ भरलेले होते. १० मार्चला उरलेल्या बंकरांबरोबर, कोठाराबाहेर एका खड्ड्यात रचून ठेवलेली तशीच रॉकेटही उडवली गेली. बंद बंकरात निदान बरंचसं विष आगीत जळतं. उघड्यावरच्या रॉकेटांतलं मात्र जमिनीवर सांडलं, तिथून हवेत गेलं आणि वाऱ्याबरोबर पसरलं. स्फोट घडवणाऱ्यांना आपण काय उडवतोय याचा पत्ता नव्हता. विषबाधेची ठळक लक्षणं कुणातही तेव्हा नोंदली गेली नाहीत, त्यामुळे पुढची पाच वर्षं शंका घ्यायला कुणाला कारणही मिळालं नाही.

पत्ता खरं तर लागू शकला असता. हे कोठार आणि रासायनिक शस्त्रं यांचा संबंध दाखवणारी माहिती सीआयएकडे ऐंशीच्या दशकापासून होती. १९९७ मध्ये त्यांनीच तशी कबुली दिली. ऑक्टोबर १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे शस्त्रनिरीक्षक खमिसियात पोहोचले, तेव्हा इराक्यांनी त्यांना फुटलेली रॉकेट दाखवली. पण हे कोठार आपल्याच जवानांनी उडवलं होतं, याची सांगड वॉशिंग्टनमध्ये कुणी घातली नाही. कोठाराचे कागद एका कपाटात, जवानांचे दुसऱ्या. मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच वाटते. विष नव्हे, ही बेफिकिरी.

मे १९९६ मध्ये निरीक्षक पुन्हा गेले आणि २१ जून १९९६ ला पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, आपल्या जवानांनी तिथे रासायनिक शस्त्रं उडवली असावीत हे पहिल्यांदा जाहीरपणे मान्य केलं. मग विषाच्या टप्प्यात आले असावेत अशा जवानांचे आकडे फुगत गेले. आधी काही शे जवान, मग पाच हजार, मग वीस हजार. नेमकं किती विष उडालं हे ठरवायला १९९७ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातल्या डगवे इथल्या चाचणी मैदानावर तशीच रॉकेट, विषाऐवजी निरुपद्रवी द्रव भरून फोडून पाहिली. सहा वर्षांपूर्वीच्या वाऱ्याचा अंदाज संगणकावर मांडून विष कुठवर पसरलं त्या पट्ट्याचे नकाशे काढले आणि जवळजवळ ९९ हजार जवानांना, तुम्ही त्या पट्ट्यात असू शकता, अशी पत्रं गेली.

तोवर लाखो परतलेल्या सैनिकांत थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा यांच्या तक्रारी वाढल्या होत्या. त्याला गल्फ वॉर सिंड्रोम असं नाव पडलं. एकट्या सारीनवर बोट ठेवणं कठीणच होतं. या जवानांनी विषारी वायूपासून बचाव म्हणून पिरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या खाल्ल्या होत्या, तंबूत कीटकनाशकं फवारली होती, कुवेतच्या सहाशेहून अधिक पेटलेल्या तेलविहिरींचा धूर गिळला होता. त्या विहिरींतली शेवटची विझली नोव्हेंबर १९९१ मध्ये.

१९९१ मध्ये शस्त्रसंधीनंतर कुवेतमध्येही धोका संपला नव्हता. मुख्य फौजा माघारी गेल्यावर तिथे आणलेल्या अमेरिकेच्या अकराव्या आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंटच्या (ही रणगाड्यांची तुकडी) कुवेतमधल्याच दोहा नावाच्या छावणीत ११ जुलैला दारूगोळ्याच्या एका गाडीला आग लागली. पन्नासच्या आसपास जवान जखमी झाले आणि अनेक गाड्या खाक झाल्या, त्यांत रणगाडेही होते. त्या आगीत मेला कुणीच नाही. पुढे २३ जुलैला न फुटलेले गोळे साफ करताना तिघे मेले.

खमिसियाचा नकाशा २००० मध्ये नव्याने काढला. आकडा एक लाखाच्या पुढे गेला, पण नावं बदलली. आधी पत्र मिळालेल्या हजारो जणांना कळवलं की तुम्ही त्या पट्ट्यात नव्हता, आणि ज्यांना कधी काही कळवलंच नव्हतं अशा हजारोंना सांगितलं की तुम्ही होता. २००४ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी दोन्ही नकाशांवर भरवसा ठेवता येत नाही, असा शेरा मारला. २०२२ मध्ये एका अभ्यासाने प्रश्न निराळ्या टोकाने धरला: सारीनसारखी विषं मोडून काढणारं जनुक ज्यांच्यात कमजोर, आणि ज्यांना तेव्हा रासायनिक धोक्याचे भोंगे ऐकू आले होते, त्यांच्यात गल्फ वॉर सिंड्रोम जास्त दिसला.