वॉटरफॉल दिसतोय म्हणजे स्कॅन चालू आहे असं नाही

संगणकाच्या यूएसबीला लावून रेडिओ लहरी पकडणारा आरटीएल-एसडीआर डाँगल नवा घेतलेले बरेच जण सांगतात, "काल रात्रभर स्कॅन लावून ठेवला होता." चित्र मागवलं तर साधा वॉटरफॉल, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं काळानुसार सरकत जाणारं रंगीत चित्र निघतं, एकाच फ्रिक्वेन्सीच्या जागी थांबलेलं. दोन्हीकडे वर आलेख आणि खाली रंगीत पट्टे, त्यामुळे गल्लत होणं स्वाभाविक आहे. पण ही दोन कामं अगदी वेगळी आहेत.

आरटीएल-एसडीआर डाँगल मुळात संगणकावर टीव्ही बघण्यासाठी बनला. त्यात आर820टी ट्यूनर (फ्रिक्वेन्सी निवडणारी चिप) असेल तर तो साधारण 24 ते 1766 मेगाहर्ट्झपर्यंत पोचतो. हा आकडा वाचून वाटतं, सगळं एकदम दिसेल. प्रत्यक्षात सिग्नलचे नमुने न गळता यूएसबीवरून येतात ते सेकंदाला सुमारे 24 लाख, म्हणून एका वेळी दिसणारी खिडकी 2.4 मेगाहर्ट्झचीच. मुंबईत मध्य 92 वर ठेवलात तर 91.1 आणि 92.7 दोन्ही एफएम केंद्रं त्यात मावतात, 98.3 मावत नाही. मात्र खिडकीतलं सगळं अखंड हाती येतं. ते साठवून ठेवलं तर दोन्ही केंद्रं नंतर वेगवेगळी ऐकता येतात.

स्कॅनमध्ये ही खिडकी उड्या मारत जाते. 88 ते 108 पाहायचं तर किमान नऊ उड्या, आणि खिडकीच्या कडा कमजोर असल्याने थोड्या जास्तच. आरटीएल पॉवरसारखा प्रोग्रॅम प्रत्येक तुकड्याची फक्त सरासरी ताकद लिहून ठेवतो आणि तुकडे जोडून रुंद चित्र बनतं. तुम्ही जे बघता ते वेगवेगळ्या क्षणांचं ठिगळकाम असतं.

म्हणूनच स्कॅनमध्ये रिकामी दिसलेली जागा खरोखर रिकामी असेलच असं नाही. मी गाडीच्या किल्लीवर हे करून पाहिलं. 433.92 वर खिडकी रोवून बटण दाबलं की दर वेळी छोटी ठसठशीत रेघ उमटली. मग 420 ते 450 स्कॅन लावला आणि दहा वेळा बटण दाबलं, रेघ एकदाच सापडली. बाकी वेळा ट्यूनर दुसरीकडे होता. विमानं 1090 मेगाहर्ट्झवर स्थान कळवतात तो संदेश 120 मायक्रोसेकंदांत संपतो, तिथे तर ठाण मांडूनच बसायला हवं. 118 ते 137 मधलं वैमानिकांचं बोलणंही तीन-चार सेकंदांचं असतं. तुमची फेरी दहा सेकंदांची असेल तर अख्खं वाक्य निसटतं.

सतत चालू असणारी केंद्रं शोधायला मात्र स्कॅनसारखं साधन नाही. नव्या गावी गेलो की मी आधी तोच लावतो. फक्त गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) ऑटोवर ठेवू नका, नाहीतर प्रत्येक उडीला पातळी बदलते आणि तुकड्यांची तुलनाच होत नाही.

आणि दोन्ही पद्धतींत 144.0 वर सरळ, न हलणारी रेघ दिसली तर हुरळून जाऊ नका. डाँगलचा क्रिस्टल (त्याचं आतलं घड्याळ) 28.8 मेगाहर्ट्झचा असतो, त्याची पाचपट बरोबर 144. अँटेना काढून बघा, रेघ तिथेच असेल.