भरून पाठवलेला फॉर्म कोरा का पोहोचतो?

गणपती पंधरा दिवसांवर आले की इंदूरच्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सअॅप गटांवर स्पर्धांचे अर्ज फिरू लागतात. पूर्वी सायक्लोस्टाइल केलेला कागद असायचा, मग झेरॉक्स आली, आता पीडीएफ. मंडळातला एखादा संगणकातला जाणकार तरुण हौसेने अर्जात लिहिता येतील असे रकाने टाकतो, वयोगट निवडायला यादी देतो, स्पर्धांपुढे खुणा केल्या की शुल्काची बेरीज आपोआप होईल अशीही सोय करतो. त्याच्या लॅपटॉपवर सगळं झकास चालतं. मग उत्तरं येऊ लागतात. लोकमान्य नगरच्या काकूंनी रकान्यावर कितीही वेळा बोट टेकवलं तरी कीबोर्ड वर येत नाही. पुण्याला शिकणाऱ्या एका मुलीच्या अर्जात नावाच्या जागी नुसते चौकोन. एकाची बेरीज शून्यावरच अडलेली. आणि रामबागेतून कुणीतरी अस्सल इंदुरी थाटात कळवतो, "भिया, फॉर्म तो कोरा आ रिया है!"

फाइल एकच, मग ही तऱ्हा का? पीडीएफ तर सगळीकडे सारखी दिसावी म्हणूनच जन्माला आली. १९९१ साली अॅडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी 'कॅमेलॉट' नावाच्या प्रकल्पाचं टिपण लिहिलं. कोणत्याही संगणकावर तयार झालेलं पान दुसऱ्या कोणत्याही संगणकावर हुबेहूब दिसावं आणि छापता यावं, एवढंच त्यात मागितलं होतं. १९९३मध्ये पीडीएफ बाजारात आली, २००८मध्ये ती आयएसओ ३२००० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. वॉर्नॉक यांचं वचन मात्र पानापुरतं होतं. लिहायचे रकाने, बेरजा, आवाज, व्हिडिओ हे सगळं मागाहून त्या पानावर चढत गेलं, आणि गोंधळ नेमका तिथे आहे.

पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो, असा समज सर्रास आढळतो. खरं तर ती रांगोळीच्या वहीसारखी असते: ठिपके कुठे, रेघ कुठून कुठे, रंग कोणता, एवढंच त्यात लिहिलेलं. 'या फॉन्टमधला अमुक क्रमांकाचा आकार डावीकडून इतक्या आणि खालून इतक्या अंतरावर ठेवा' अशा आज्ञांची ती यादी. रांगोळी दर वेळी नव्याने काढली जाते, आणि ती काढतो तुमच्या फोनमधला किंवा ब्राउझरमधला प्रोग्राम. गंमत म्हणजे हा प्रोग्राम फाइल शेवटाकडून वाचायला घेतो, कारण कोणती वस्तू फाइलीत कुठे आहे याची सूची सहसा तळाशी असते. अर्धवट उतरलेली पीडीएफ बहुधा अजिबात उघडत नाही, त्याचं कारण हेच.

आता रांगोळी काढणारे हात पाहा. एके काळी बहुतेक ब्राउझर पीडीएफ आली की ती अॅडोबीच्याच प्लगइनकडे, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या जादा प्रोग्रामकडे, सोपवत, त्यामुळे घरोघरी एकच हात होता. पण अशी प्लगइनं ब्राउझरच्या आत शिरून संगणकावर वाटेल ते करू शकत; सुरक्षेच्या दृष्टीने ती सताड उघडी खिडकी होती. क्रोमने २०१५मध्ये ती जुनी व्यवस्था पूर्ण बंद केली, फायरफॉक्सने २०१७मध्ये, हलती चित्रं आणि व्हिडिओ दाखवणाऱ्या फ्लॅश या प्लगइनपुरता अपवाद ठेवून. तोवर दोघांनीही आपापले पीडीएफ वाचक, म्हणजे ती उघडून दाखवणारे प्रोग्राम, तयार ठेवले होते. फायरफॉक्सचा वाचक जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलात त्याचं काम २०११मध्ये सुरू झालं आणि २०१३पासून तो फायरफॉक्समध्ये आपोआप चालू असतो. क्रोममधला वाचक फॉक्सिट कंपनीच्या कोडवर उभा आहे. अॅपलची स्वतःची तिसरीच यंत्रणा. अँड्रॉइडने २०१४मध्ये, पाचव्या आवृत्तीत, पीडीएफ दाखवायची सोय दिली खरी, पण ती पानाचं फक्त चित्र हाती देई. फॉर्म भरण्याची क्षमता तिच्यात थेट २०२४मध्ये, पंधराव्या आवृत्तीत आली. व्हॉट्सअॅपमधून फाइल कोणत्या अॅपमध्ये उघडते ते प्रत्येकाच्या फोनवर अवलंबून. काकूंचं अॅप जर नुसतं चित्र दाखवणारं असेल, तर चित्रावर बोट ठेवून कीबोर्ड कसा येणार?

कोऱ्या फॉर्मचं कोडं याहून सुरस आहे. पीडीएफमधल्या प्रत्येक रकान्याच्या नोंदीत दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात. एक म्हणजे त्याचं मूल्य, म्हणजे तुम्ही भरलेला मजकूर. दुसरं त्याचं रूप, म्हणजे तो मजकूर पानावर कसा काढायचा याच्या आज्ञा. तुम्ही नाव लिहिलंत की दोन्ही बदलायला हवीत. काही अॅप मूल्य तेवढं बदलतात आणि 'रूप तुमचं तुम्ही तयार करा' अशी खूण फाइलीत ठेवून मोकळे होतात. पुढचा वाचक ती खूण मानणारा असेल तर ठीक. नसेल तर तो जुनं, रिकामं रूप दाखवतो. नाव फाइलीत असतं, पानावर नसतं! रामबागेतला कोरा फॉर्म बहुतेक असाच भरलेला होता. संगणकावर अॅडोबी रीडरमध्ये उघडून रकान्यात क्लिक केलं की हरवलेलं नाव कधी कधी प्रकट होतं, ते म्हणूनच. दुसरी शक्यता साधी आहे. क्रोममध्ये फॉर्म भरून डाउनलोड करताना बदलांसह की बदलांशिवाय असं विचारलं जातं, आणि घाईत दुसरा पर्याय दाबला जातो.

नावाऐवजी चौकोन येण्यामागे आपली लिपी आहे. पीडीएफच्या मूळ कल्पनेत १४ फॉन्ट प्रत्येक वाचकाकडे असतीलच असं धरलं होतं: हेल्व्हेटिका, टाइम्स, कुरियर यांचे प्रकार आणि चिन्हांचे दोन. त्यात देवनागरी नाही. फॉर्म तयार करताना रकान्याला वेगळा फॉन्ट नेमला नाही तर बहुधा हेल्व्हेटिकाच येऊन बसतो. पानावरच्या छापील मराठी मजकुराला ही अडचण नाही, कारण त्याचा फॉन्ट फाइलीतच भरलेला असतो. पण जागा वाचवण्यासाठी सहसा वापरलेली अक्षरंच भरतात. उद्या कुणाच्या नावात 'ज्ञ' येईल हे फॉर्म करणाऱ्याला काय माहीत?

समजा पूर्ण फॉन्ट भरला, तरी काम संपत नाही. 'निर्मला' हे नाव घ्या. संगणकाच्या लेखी त्यात सात चिन्हं आहेत: न, ऱ्हस्व वेलांटी, र, हलन्त, म, ल आणि काना. कागदावर मात्र वेलांटी न च्या आधी उभी राहते, र आणि हलन्त मिळून रफार होतो आणि तो म च्या डोक्यावर जातो. ही उलटापालट करण्याचे नियम फॉन्टमध्ये असतात, पण ते वाचून लागू करणारा प्रोग्राम वेगळा लागतो. छापील मजकुरासाठी तो वर्डने किंवा तत्सम प्रोग्रामने आधीच चालवलेला असतो. रकान्यात टाइप होणाऱ्या मजकुरासाठी तो पीडीएफ वाचकाने आयत्या वेळी चालवायचा असतो, आणि इंग्रजी डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या कित्येक वाचकांत तो चालतच नाही. मग रफाराचा पाय मोडका र होतो आणि वेलांटी भलत्या बाजूला जाते.

हीच भानगड उलट दिशेनेही होते. पीडीएफमध्ये आकार दिसण्याच्या क्रमाने मांडलेले असतात, म्हणून त्यातून कॉपी केलेलं नाव 'िनमर्ला' असं काहीतरी बाहेर पडतं आणि 'निर्मला' शोधलं तर सापडत नाही. मूळ मजकूर सोबत नोंदवून ठेवण्याची सोय पीडीएफमध्ये आहे, पण फाइल तयार करणारे प्रोग्राम ती क्वचितच वापरतात. मध्य प्रदेशात तर आणखी एक वारसा आहे, कृतीदेवचा. या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाला वाटतं की तुम्ही इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच टाइप केलंत; फॉन्ट त्यांच्या जागी 'मराठी' अशी अक्षरं काढतो. पीडीएफचं पान सुबक दिसतं, आतला मजकूर मात्र निरर्थक इंग्रजी. अंध वाचकासाठी मोठ्याने वाचणारा प्रोग्राम तेच निरर्थक इंग्रजी वाचून दाखवतो. मंडळांच्या जुन्या अंकांच्या पीडीएफ मोठ्या उत्साहाने जपल्या जातात, त्यातल्या किती शोधता येण्याजोग्या आहेत, हे एकदा तपासून पाहायला हवं.

बेरजेचं कारण त्या मानाने सरळ. ती करणारा जावास्क्रिप्टचा तुकडा फाइलीत असतो. वाचकाने तो चालवायचा की नाही हे वाचकावर. फायरफॉक्स २०२१च्या एप्रिलपासून तो चालवतो, तोही चारही बाजूंनी बंद केलेल्या आवारात. क्रोम बऱ्यापैकी चालवतो. फोनवरचे अनेक वाचक मुद्दाम चालवत नाहीत, आणि मला ते रास्त वाटतं: अनोळखी माणसाच्या फाइलीतला प्रोग्राम आपल्या फोनवर का म्हणून चालावा? व्हिडिओ आणि हलती चित्रं घातलेल्या अनेक जुन्या पीडीएफ फ्लॅशवर अवलंबून होत्या. फ्लॅश २०२०च्या अखेरीस संपलं, त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी उरल्या.

'कृपया थांबा' एवढंच एक पान दाखवणारी पीडीएफही काहींनी पाहिली असेल, विशेषतः सी. ए. मंडळींनी. तो एक्सएफए नावाचा वेगळाच प्रकार. त्यात खरा फॉर्म पीडीएफच्या पोटात निराळ्या भाषेत लिहिलेला असतो आणि वर दिसणारं पान नुसता पडदा. हा प्रकार २००३च्या सुमारास पीडीएफमध्ये आला, २०१७च्या मानकात तो कालबाह्य ठरवला गेला. कंपन्यांचे सरकारी फॉर्म वर्षानुवर्षं पीडीएफमध्ये भरून मग पोर्टलवर चढवावे लागत. आता ते थेट वेबपानावर भरतात. सरकारने उशिरा का होईना, पण शहाणपणा केला.

फोनचा आकारही आड येतो. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद, फोनचा पडदा साधारण ७० मिलिमीटर. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं होऊन बसतं. मोठं करावं तर प्रोग्रामवर ताण येतो: छपाईच्या दर्जाने, इंचाला ३०० ठिपके धरून ए-फोर पान काढायचं तर सुमारे ८७ लाख ठिपके लागतात आणि एकेका पानाला जवळजवळ ३५ एमबी मेमरी. म्हणून वाचक दिसतंय तेवढंच काढतात, आणि भराभर सरकवताना पान क्षणभर धूसर दिसतं.

मग मंडळाने करायचं काय? अर्ज वेबपानावर घ्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे. वेबपान पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला बसवून घेतं आणि देवनागरी जोडणारा प्रोग्राम ब्राउझरमध्ये तयारच असतो. पीडीएफ राखून ठेवावी पावतीसाठी, प्रमाणपत्रासाठी, अंकासाठी. पीडीएफ फॉर्मच पाठवायचा हट्ट असेल तर भरणाऱ्यांना एक युक्ती सांगावी: पडद्यावर सगळं नीट दिसत असताना 'प्रिंट' दाबून प्रिंटरऐवजी 'सेव्ह अॅज पीडीएफ' निवडायचं आणि ती नवी फाइल पाठवायची. त्यात रकाने उरत नाहीत, भरलेला मजकूर पानाचाच भाग होतो आणि पलीकडे कोरा पोहोचायचा प्रश्न मिटतो.

ही युक्ती ई-आधारवर मात्र करू नये. त्या फाइलीला डिजिटल सही असते, आणि फाइलीच्या मूळ बाइट्सशी ती बांधलेली असते. नव्याने छापलेल्या पीडीएफमध्ये सहीचं नुसतं चित्र उरतं. तिथे दिसणारं पिवळं प्रश्नचिन्हही घाबरण्यासारखं नाही. सही अजून तपासलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ब्राउझर सहसा ती तपासत नाहीत. मूळ फाइल संगणकावर अॅडोबी रीडरमध्ये उघडून सहीवर क्लिक करावं लागतं, सहीसोबतच्या डिजिटल प्रमाणपत्रावर विश्वास असल्याची नोंद एकदा द्यावी लागते, मग हिरवी खूण येते. सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या एमपी ऑनलाइनच्या दुकानातला पोरगा हे काम बोलता बोलता करून देतो, फक्त त्याला फोटो किंवा प्रिंट न दाखवता मूळ फाइल द्यायची.