दिवाळी ते संक्रांत: अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आमचे हिवाळी सत्र

दिवाळीची सुटी संपली की नाशिकच्या कॉलेज रोडवरचे क्लास, अभ्यासिका आणि झेरॉक्सची दुकाने पुन्हा गजबजतात. बारावीच्या मुलांच्या हातात तेव्हा मोजके आठवडे उरलेले असतात. अलीकडे प्रात्यक्षिके जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आणि बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. तिच्यामागोमाग सीईटी आणि नीट या प्रवेश परीक्षा. एकदा हे चक्र फिरू लागले की घरात कोणालाच निवांत बसून विचार करायला उसंत मिळत नाही. मग निकाल लागतो, प्रवेशफेरीचे पर्याय भरण्याची शेवटची तारीख तोंडावर येते आणि मुलाच्या पुढच्या चार-पाच वर्षांचा निर्णय सायबर कॅफेत बसून अर्ध्या तासात उरकला जातो.

तो निर्णय थंडीतच, घरच्यांशी नीट बोलून, काम डोळ्यांनी पाहून आणि कागदपत्रे हातात घेऊन व्हावा, यासाठी आमचे हिवाळी सत्र आहे. आमचे केंद्र छोटे आहे. आम्ही प्रवेश मिळवून देत नाही आणि कोणत्याही कॉलेजकडून कमिशन घेत नाही. अभ्यासिका चालवतो आणि मार्गदर्शन करतो, एवढेच आमचे काम.

आधी कागद

हा विषय रुक्ष वाटतो, तरी सत्राची सुरुवात आम्ही इथूनच करतो. चांगले गुण पडूनही हातची जागा निसटते, तेव्हा बऱ्याचदा एखादा कागद आडवा आलेला असतो.

राखीव प्रवर्गातून इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा असेल तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. बारावीत शिकत असतानाच कॉलेजचे पत्र घेऊन त्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि प्रती जोडून जिल्हा जात पडताळणी समितीकडे द्यायचा. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी आहे. खरा वेळ जातो तो जुने पुरावे शोधण्यात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला उतारा, जुनी महसुली नोंद. ती शाळा कळवण-सुरगाण्याच्या एखाद्या गावात असते, रजिस्टर जीर्ण झालेले असते, नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असते. गावी दोन-तीन खेपा होणारच, हे धरून चाला. वडिलांचे किंवा वडिलांकडच्या सख्ख्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र आधीच निघालेले असेल तर वाट बरीच सोपी होते. म्हणून पहिल्याच भेटीत आम्ही काका, आत्या, चुलत भावंडे यांची चौकशी करतो. तिचा राग मानू नये.

नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची, मुदत 31 मार्चला संपते. जुने प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा ते वर्ष त्याच्या मुदतीत बसते का, ते पाहून घ्या. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि लागू असेल तर ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे) प्रमाणपत्र यांचेही नियोजन आत्ताच व्हावे. जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर लागणारी रांग नाशिककरांना सांगायला नको. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का, हेही तपासा. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, तेव्हा मुलाचे बँक खातेही याच काळात उघडून घ्या.

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती माहीत नसल्यामुळे मुलीला स्वस्तातल्या कोर्सला घालायचे ठरवणारी घरे आम्ही पाहतो. 2024-25 पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ती मिळत नाही. शुल्क परवडेल का, या धास्तीने मुलीचा पर्याय खोडण्याआधी एकदा हा हिशेब आमच्यासोबत मांडा.

परीक्षा कोणती आणि किती

एका मुलाने जेईई, सीईटी, नीट, एनडीए सगळेच फॉर्म भरावेत, या मताचे आम्ही नाही. फॉर्मचे पैसे जातात ते जातात, अभ्यासही चार ठिकाणी विखुरतो.

इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषीसाठीची राज्याची एमएचटी-सीईटी 200 गुणांची असते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. गणितात अडखळणाऱ्या मुलाने उरलेला वेळ कुठे घालावा, हे या एका आकड्यावरून ठरते. सुमारे 20 टक्के भाग अकरावीचा असतो, तेव्हा अकरावीची पुस्तके रद्दीत देऊ नका. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटचा हिशेब वेगळा: 180 प्रश्न, 720 गुण, त्यात निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. सीईटीच्या सवयीने तिथे अंदाजपंचे उत्तरे देणारी मुले मार खातात.

बोर्डाकडे दुर्लक्ष करण्याची टूम आम्हाला मुळीच पटत नाही. इंजिनिअरिंगच्या पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला बारावीच्या संबंधित विषयांत 45 टक्के लागतात, राखीवला 40. एमबीबीएससाठी हेच 50 आणि 40. एनआयटीसारख्या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांसाठी जेईई या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेच्या जोडीला बारावीत 75 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 65) असावे लागतात किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये यावे लागते. जानेवारीतली जेईई आणि बोर्डाची प्रात्यक्षिके अनेकदा एकमेकांवर येतात. प्रवेशपत्र हाती पडताच कॉलेजला लेखी कळवून प्रात्यक्षिकाची बॅच बदलून घ्यावी, आदल्या दिवशी धावपळ नको.

एनडीएबद्दल, म्हणजे सैन्यदलांत अधिकारी होण्याच्या प्रवेश परीक्षेबद्दल, देवळाली कॅम्प आणि आर्टिलरी सेंटरच्या परिसरातली मुले फार विचारतात, आता मुलीही विचारतात. मुलींना ही परीक्षा 2021 पासून खुली झाली आहे. लष्करासाठी कोणतीही शाखा चालते, हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. पण गणिताचा 300 गुणांचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो. कला शाखेच्या मुलाला हे अकरावीतच सांगायला हवे, बारावीच्या डिसेंबरमध्ये नाही.

कॉमर्सवाल्यांसाठी थोडक्यात: सीए फाउंडेशनची नोंदणी बारावीच्या निकालाची वाट न पाहता करता येते, आणि मे-जूनच्या परीक्षेला बसायचे तर ती जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत झालेली असावी लागते. बीबीए-बीसीएला आता राज्याची स्वतंत्र सीईटी आहे. पाच वर्षांच्या लॉसाठी वेगळी सीईटी आहे, ती कोणत्याही शाखेच्या मुलांना देता येते. डिझाइनकडे जाणाऱ्यांचे फॉर्म सगळ्यांत आधी, दिवाळीच्या आगेमागेच निघतात.

रविवारच्या भेटी

आमच्या सत्राचा जीव इथे आहे. मुले कोर्सचे नाव पटकन सांगतात, पण तो कोर्स केलेला माणूस दिवसभर करतो काय, असे विचारले की गप्प होतात.

म्हणून डिसेंबर-जानेवारीतल्या रविवारी आणि जमेल तेव्हा एखाद्या कामाच्या दिवशीही आम्ही त्यांना काम दाखवायला नेतो. सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये आयटीआय केलेला ऑपरेटर, डिप्लोमा झालेला सुपरवायझर आणि बी.ई. झालेला इंजिनिअर एकाच छताखाली भेटतात. पहिला पगार किती होता, शिफ्ट कशा असतात, शिकलेले काय उपयोगी पडले, हे मुलांनी त्यांना स्वतः विचारायचे. बारावी सायन्सनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते आणि डिप्लोमा करून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, हे कळल्यावर कमी गुणांच्या धास्तीने खचलेल्या मुलाचा चेहरा बदलतो. ओझरचा विमान कारखाना आणि नाशिकरोडचा नोटांचा छापखाना आतून पाहता येत नाहीत. त्या भेटी आमच्या कार्यक्रमात नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातली मुले आमच्याकडे बरीच येतात. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग डिसेंबरात कुठल्या अवस्थेत असते, अवकाळी पाऊस आला की डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती कशी पसरते, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असते. तरी शेतीशी जोडलेली शिक्षणे कोणती, हे त्यांच्या घरात क्वचित बोलले जाते. जानेवारीत निर्यातीचा माल पॅकहाऊसला येऊ लागतो. तिथे प्रीकूलिंग (माल आधी थंड करणे), प्रतवारी, औषधांच्या अंशांची तपासणी आणि युरोपात माल पाठवण्याची कागदपत्रे एका ठिकाणी दिसतात. फूड टेक्नॉलॉजी, रसायनशास्त्र, रेफ्रिजरेशन, बी.एस्सी. कृषी, निर्यात व्यवहार असे एवढे रस्ते त्या एका शेडमधून फुटतात. बापाच्या बागेपासून दूर जाणे म्हणजेच शिकणे, असे मानणाऱ्या घरांनी ही भेट चुकवू नये. पालकांनीही सोबत यावे.

जीवशास्त्राच्या मुलांसाठी नांदूरमध्यमेश्वर. 2020 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आलेली ही राज्यातली पहिली पाणथळ जागा. पहाटे निघायचे, चापडगावच्या मनोऱ्यावरून पक्षी पाहायचे आणि दिसले ते वहीत नोंदवायचे. निफाडचा गारठा लक्षात घेऊन स्वेटर आणि कानटोपी घेऊन यावे.

अकरावीच्या मुलांना या भेटींसाठी जास्त वेळ मिळतो, म्हणून आम्ही त्यांना आग्रहाने बोलावतो. कॉलेजचे एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) सात दिवसांचे शिबिर थंडीत असेल तर मुलांना जरूर जाऊ द्या. गावात राहून, श्रमदान करून, अनोळखी माणसांशी बोलून मुले जे शिकतात ते आम्हाला अभ्यासिकेत शिकवता येत नाही.

बारावीच्या पालकांना एक विनंती: दिवाळीनंतर नवा क्लास लावू नका. नव्या सरांची पद्धत अंगवळणी पडेपर्यंत प्रात्यक्षिके येतात. त्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे आणि चुका दुसऱ्या दिवशी तपासणे जास्त कामाचे. अभ्यासिकेत ही सोय आहे.

सत्र दिवाळीची सुटी संपल्यावर सुरू होते आणि प्रात्यक्षिकांच्या आधी संपते. सिन्नर, दिंडोरी, निफाडहून एसटीने येणाऱ्यांच्या भेटी दुपारी ठेवतो, म्हणजे अंधार पडण्याआधी घरी पोहोचता येते. संक्रांतीला येवल्यात तीन दिवस पतंग उडतात, तेव्हा ते दिवस आमच्याकडेही सुटी असते. शुल्क एकदाच भरायचे असते. कागदपत्रांच्या तपासणीचे वेगळे पैसे घेत नाही, आणि सत्राला नाव न घातलेल्या मुलांचे कागदही पाहून देतो.

पहिल्या भेटीला विद्यार्थ्यासोबत आई किंवा वडील हवेत, दोघे आले तर उत्तम. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला असल्यास तो आणि आजोबांचा जो कोणता जुना कागद घरात सापडेल तो, अशा सगळ्यांच्या मूळ प्रती घेऊन या. झेरॉक्स इथे काढता येतात.