नवीन जिम लावली तरी जुना डक का सुटत नाही?

"मागचं सगळं विसर, इथे झिरोपासून सुरुवात." नवीन जिममधल्या कोचने पहिल्याच दिवशी हे सांगितलं आणि मी मान डोलावली. मी आधी चार वर्षं बॉक्सिंग केलेलं, आता मुय थाय, म्हणजे लाथा-गुडघेही चालतात अशी थायलंडची फाइट, शिकायला गेलो होतो. पहिल्याच स्पारिंगला (सरावाच्या फाइटला) समोरच्याने क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, टाकला, मी सवयीने डक झालो, म्हणजे ठोसा चुकवायला खाली वाकलो, आणि तिथे त्याचा गुडघा आधीच येऊन थांबलेला. पोरगा भला होता, हळूच लावला, म्हणून नाक वाचलं. बॉक्सिंगमध्ये गुडघा मारता येत नाही म्हणून तिथे वाकणं शहाणपणाचं, मुय थायमध्ये तेच वाकणं म्हणजे आ बैल मुझे मार.

बरं, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पाठ होतं. पण डोळ्याने काही दिसून साधी हालचाल सुरू व्हायलाच माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, त्यात चार पर्यायांतून एक निवडायचा असेल तर अजून जास्त, आणि ठोसा तेवढं थांबत नाही. म्हणजे तिथे माहिती उपयोगाची नसते, आधीच तयार असलेला अंदाज लागतो.

जिममध्ये यावर दोन मतं ऐकू येतात. एक, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, दोन स्टाइल केल्या की 'मसल मेमरी' बिघडते. दुसरं, सगळं थोडं थोडं शिका, आपोआप मिक्स होतं. पहिल्यात निदान एक चूक उघड आहे, कौशल्य मसलमध्ये नसतंच, ते मेंदूत असतं. ते तिथे नेमकं कसं बसतं, हे दाखवणारा एक प्रयोग माझा सगळ्यात आवडता आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

१९९४ साली रेझा शाद्मेहर आणि मुसा-इव्हाल्दी या संशोधकांनी लोकांच्या हातात एका रोबोटची मूठ दिली. काम सोपं, हात एका जागेवरून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत न्यायचा. गोम अशी की हात हलायला लागला की रोबोट त्याला ढकलायचा, जितका वेग जास्त तितका धक्का मोठा. सुरुवातीला सगळ्यांचे हात वाकडेतिकडे गेले, मग काहीशे प्रयत्नांनंतर पुन्हा सरळ जायला लागले. आणि आता मजा बघा, रोबोटचा जोर गुपचूप बंद केला तर हात सरळ गेला नाही, उलट्या बाजूला वाकला! म्हणजे मेंदू नुसता घट्ट धरून बसला नव्हता, धक्का यायच्या आधीच तो त्याचा हिशोब करून उलटा जोर लावत होता. माझा डक हा तसाच उलटा वाकलेला हात आहे, जग बदललं पण हिशोब जुन्या जगाचा.

मग पुढचा प्रश्न, दोन जगांचे दोन हिशोब एकत्र ठेवता येतात का? १९९६ मध्ये शाद्मेहर आणि सहकाऱ्यांनी लोकांना आधी एका बाजूचा धक्का शिकवला आणि लगेच उलट्या बाजूचा. पहिलं शिकलेलं धुऊन गेलं. मध्ये चार तास जाऊ दिले तर मात्र टिकलं. (नंतरच्या प्रयोगांत हा चार तासांचा आकडा तसाच आला नाही, त्यामुळे बॉक्सिंग आणि ग्रॅपलिंगच्या (कुस्तीसारख्या पकडींच्या) क्लासमध्ये घड्याळ लावून चार तास सोडू नका.)

इतर काही प्रयोगांत लोकांना रंगाची खूण देऊन पाहिली, हा रंग असेल तर डावा धक्का, तो असेल तर उजवा. जवळजवळ काहीच फरक पडला नाही. माणसाला रंग कळत होता, हाताला कळत नव्हता. पण हाताची ठेवण बदलली किंवा मुख्य हालचालीच्या आधी एक छोटी वेगळी हालचाल जोडली की तोच माणूस दोन्ही उलटे धक्के व्यवस्थित शिकायचा. २०१२ च्या एका प्रयोगात तर असं दिसलं की आधीची हालचाल आणि मुख्य हालचाल यांच्यात ६०० मिलिसेकंदांच्या वर वेळ गेला की तो फायदा संपतो.

आतमध्ये यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो, तोच डोक्याच्या मागे खाली असलेला, ज्यात मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज आहेत. तिथल्या प्रत्येक पर्किंजे पेशीला लाखाच्या वर समांतर तंतूंकडून 'शरीर आत्ता कसं आहे' ही बातमी मिळते आणि फक्त एका आरोही तंतूकडून 'चुकलं' ही. 'चुकलं' आलं की त्या क्षणी जे समांतर तंतू बोलत होते त्यांची जोडणी कमजोर होते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. म्हणजे दुरुस्ती त्या शरीरस्थितीपुरतीच होते. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर एवढंच धरा, मेंदू 'डक चूक आहे' असं शिकत नाही, 'पाय असे, वजन इथे, तेव्हा डक चूक आहे' असं शिकतो.

आता जिममध्ये या. टीशर्ट बदलला, भिंतीवरचा झेंडा बदलला, कोच बदलला, या सगळ्या रंगाच्या खुणा. स्टान्स, म्हणजे उभं राहायची ठेवण, ही खरी खूण. मुय थायचा स्टान्स उंच, पुढचा पाय हलका, म्हणजे लो किक (पायावरची लाथ) आली की पटकन नडगीने अडवता येते. बॉक्सर आडवा उभा राहतो, पुढच्या पायावर भार टाकतो. रेसलर खाली बसून डोकं पुढे काढतो, आणि तेच डोकं ग्रॅपलिंगवाला गिलोटिनमध्ये, म्हणजे काखेत मान आवळणाऱ्या पकडीत, धरतो. प्रत्येकाचं अंगच वेगळं बोलतं. प्रयोगशाळेतली मूठ आणि खरी फाइट यांत अंतर खूप आहे हे मान्य, तरी माझा अंदाज असा की जुनं पुसायच्या मागे लागण्यापेक्षा नव्याची सुरुवातीची स्टेप पक्की केलेली बरी.

दुसऱ्या मताबद्दल, म्हणजे आपोआप मिक्स होण्याबद्दल, थोडक्यात. नुसतं जमवत गेलं तर एक ना धड भाराभर चिंध्या. पण आलटून पालटून सराव करणं वाईट नाही. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन हालचाली काहींना एकेक करून शिकवल्या, काहींना सरमिसळ करून. सरावात सरमिसळवाले मागे पडले, दहा दिवसांनी मात्र तेच पुढे होते. म्हणून क्लासमध्ये गोंधळ उडतोय म्हणून लगेच जिम बदलू नका.

आणि हो, गुप्त नस दाबून किंवा स्पर्श न करता 'ऊर्जेने' माणूस पाडणारे गुरू वरच्या कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. त्यांची विद्या फक्त स्वतःच्या शिष्यांवर चालते. २०१७ मध्ये चीनमध्ये शू शियाओदोंग या एमएमए (ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणाऱ्या खेळाच्या) फायटरने एका ताई ची मास्टरला अर्ध्या मिनिटाच्या आत झोपवलं, तेव्हा ऊर्जा कुठे गेली कोण जाणे.

परवा मी पुन्हा डक झालो. सहा महिने झालेत, कोच वैतागला, त्याला वाटतं मी ऐकतच नाही. घरी येऊन मोबाइलवरचा व्हिडिओ स्लो करून बघितला. वाकायच्या जरा आधी माझा पुढचा पाय आत वळलेला, भार त्याच्यावर, खांदा आडवा. अस्सल बॉक्सिंगचा स्टान्स. तिथून डक येणारच होता.