फिजिओ चालू आहे, म्हणजे व्यायाम होतो का?

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे) किंवा डाउन सिंड्रोम (गुणसूत्रांतील जन्मजात फरक) असलेल्या मुलाच्या घरी ‘व्यायाम करतो का?’ असे विचारले, तर ‘हो, फिजिओ चालू आहे ना’ असे उत्तर हमखास मिळते. ते मनापासून दिलेले असते, पण विचारलेल्या प्रश्नाचे नसते. फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या हालचालींनाही मराठीत आपण ‘व्यायाम’च म्हणतो, त्यामुळे ही गल्लत सहज होते.

फिजिओथेरपी हा उपचार आहे आणि तो एखाद्या नेमक्या अडचणीपासून सुरू होतो: पोटरीचे स्नायू ताठर असल्याने टाच टेकत नाही, खुर्चीतून पलंगावर सरकता येत नाही, शस्त्रक्रियेनंतर गुडघा पुरता वाकत नाही. तपासणी होते, उद्दिष्ट ठरते, आणि ते साधले की उपचार बदलतो किंवा थांबतो. किमान तसे व्हायला हवे. मूल पलंगावर आडवे, वडिलांचा एक हात त्याच्या गुडघ्यावर, दुसऱ्या हाताच्या तळव्यात टाच, पाऊल हळूहळू नडगीकडे वळवलेले आणि तीसपर्यंत मोजणे चाललेले, असे दृश्य या घरांना नवे नाही. या ताणण्यामागे कारण असेलही, पण त्यात श्रम होतात ते वडिलांचे. मुलाला ना धाप लागते, ना त्याच्या स्नायूंवर भार येतो.

व्यायामाची सुरुवात मात्र नेमकी त्या धापेपासून आणि भारापासून होते. दिव्यांग मुलांनी (वय ५ ते १७) दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र शारीरिक हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस दम लागेल अशा व स्नायू बळकट करणाऱ्या हालचालींचा त्यात समावेश असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. इतर मुलांसाठीही आकडा हाच आहे. आठवड्यातून दोनदा होणाऱ्या अर्ध्या तासाच्या उपचाराने हा हिशेब पुरा होत नाही, आणि तो पुरा करणे हे त्या उपचाराचे कामही नाही.

हा फरक ऑस्ट्रेलियातील ‘फिटस्किल्स’ या उपक्रमात फार स्पष्ट दिसतो. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातील संशोधकांनी तो उभा केला. १३ ते ३० वयोगटातील दिव्यांग तरुणाची एका विद्यापीठीय विद्यार्थ्याशी जोडी लावायची आणि दोघांनी १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, तासभर परिसरातल्या नेहमीच्या जिममध्ये एकत्र व्यायाम करायचा, अशी त्याची रचना आहे. हा सोबती तिथे उपचार करायला आलेला नसतो. त्यालाही घाम येतो. बारा आवर्तने सहज जमू लागली की वजन थोडे वाढवायचे, हा वजनाच्या व्यायामाचा साधा नियम इथेही चालतो. माझ्या मते खरी किमया ‘नेहमीच्या जिम’मध्ये आहे, कारण दवाखान्यात रुग्ण म्हणून जाणे आणि जिममध्ये सभासद म्हणून जाणे यांत त्या वयाच्या मुलाला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो.

सेरेब्रल पाल्सीत वजन उचलल्याने स्नायूंचा ताठरपणा वाढतो, अशी भीती पूर्वी उपचारकांनाही वाटे. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही, तरी पालकांच्या मनातून ती अजून पूर्ण गेलेली नाही.

याचा अर्थ फिजिओथेरपिस्टला वगळून थेट जिम गाठावी असा नाही. डाउन सिंड्रोममध्ये काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. अशा मुलाला कोलांटउडी किंवा शीर्षासन करायला लावणे धोक्याचे आहे. मज्जारज्जूच्या दुखापतीत त्वचेला संवेदना नसेल, तर यंत्राची कड घासून झालेली जखम मुलाला कळतच नाही. फिट्स येणाऱ्या मुलाला पोहायला एकटे सोडता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी ट्रेनरच्या हाती फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी द्यावी. काय टाळायचे, स्प्लिंट (हातापायाला आधार देणारी पट्टी) घालूनच करायच्या हालचाली कोणत्या आणि कोणते लक्षण दिसताच थांबायचे, एवढे तिच्यात असले तरी पुरे. वजन किती लावायचे आणि ते कधी वाढवायचे, हे नंतर ट्रेनरने आणि त्या मुलाने मिळून ठरवावे.